ढालकिडा सगळंच खात नाही

संपादक महोदय,

‘ढालकिडा (लेडीबर्ड) म्हणजे मित्रकीटक’ हे लेखांतून इतकं सर्रास येतं, की दिसेल ती कीड तो फस्त करतो असा समज झाला आहे. या कुळात सुमारे ६००० जाती आहेत. त्यांचे पूर्वज बहुधा खवले कीड खात. पुढे काही शाखा माव्याकडे वळल्या, काही भुरीच्या बुरशीकडे, आणि याच कुळातला इपिलॅक्ना तर पानंच कुरतडतो! भिंगाखाली जबडा पाहिला तरी फरक कळतो. माव्यावर जगणाऱ्याच्या जबड्याला टोकाशी दोन दात आणि बुडाशी एक. इपिलॅक्नाच्या टोकाला दातांची रांग, बुडाचा दात मात्र गायब.

यामागे ‘भक्षकाचं जनुक’ असं एकच काही नाही. वास-चव ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर), पाचक विकरं, विष निकामी करणारी पी-४५० विकरं यांच्या जनुकांची जादा प्रत तयार होते. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी बदलायला मोकळी होते. न लागणारी प्रत हळूहळू मोडते, आणि मग मागे फिरणं अवघड. ढालकिड्यांकडे तर जिवाणूंची पेशीभित्तिका फोडणारी जनुकं आहेत, तीही मुळात जिवाणूंकडूनच आलेली.

म्हणून ढालकिडे शेतात सोडण्याआधी ते तिथली कीड खाऊन वाढतात का याची चाचणी हवी. ‘खाल्लं’ म्हणजे ‘मानवलं’ नव्हे. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या किमान ३० अळ्या घ्याव्यात. एकाच मादीच्या नकोत, नाहीतर एकाच घराण्याचा निकाल हाती येतो. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवावी. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात आणि वाढीचं श्रेय भलत्याच भक्ष्याला जातं. तापमान २५ अंश सेल्सिअस, भक्ष्य रोज ताजं. जगलेल्यांची संख्या, वाढीचे दिवस, प्रौढाचं वजन आणि मादीने घातलेली अंडी नोंदवावीत. अंडी मोजायचा कंटाळा केला जातो, आणि नेमकी तिथेच फसगत होते: काही भक्ष्यांवर प्रौढ जगतो, पण मादी अंडी घालत नाही.

जनुकांच्या चाचणीतही एक चूक नेहमीची. नव्या खाद्यावर एखादं जनुक जास्त चालू झालं, की ‘उत्क्रांती दिसली’ असं लिहिलं जातं. तो त्याच किड्याचा तात्पुरता प्रतिसाद असू शकतो, कधी तर निव्वळ उपासमारीचा. तुलनेला एक उपाशी गट ठेवावा. मग आरएनए-आय पद्धतीने, म्हणजे त्या जनुकाशी जुळणारा आरएनए टोचून, ते जनुक दाबून अळीची वाढ खुंटते का ते पाहावं, आणि सोबतच्या गटाला किड्यात नसलेल्या जनुकाचा आरएनए टोचावा. नाहीतर सुईच्या जखमेने मेलेली अळी जनुकाच्या खात्यावर जमा होते.

– कीटकशास्त्राचे दोन अभ्यासक