धातूला रक्त पोचत नाही

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली ते बरं झालं. चालायला कधी लागायचं, जिना कधी चढायचा, हे फिजिओथेरपीवाले सांगतीलच. मी लिहिते आहे ते जंतुसंसर्गाबद्दल. आई, तुझ्या मांडीत रॉड आहे, तेव्हा हे तूही नीट वाच.

पहिल्यांदाच बदललेल्या गुडघ्यात किंवा खुब्यात संसर्ग होतो तो साधारण शंभरातल्या एका-दोघांना. म्हणजे धास्ती घेऊन ऑपरेशन पुढे ढकलायचं कारण नाही. पण ज्यांना होतो त्यांचं वर्ष-वर्ष त्यात जातं, आणि त्यातला बराचसा त्रास उशीर केल्यामुळे किंवा चुकीची गोळी घेतल्यामुळे वाढलेला असतो.

धातूला रक्तवाहिन्या नसतात. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रक्तातून तिथे जातात, औषधही रक्तातूनच जातं. धातूच्या पृष्ठभागावर दोन्ही अपुरी पडतात. नुसत्या कातडीत पू धरायला लाखो जंतू टोचावे लागतात, पण तिथे टाक्याचा एक धागा असला तर काहीशे जंतूही पुरतात. १९५७ साली स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात हे दिसलं होतं. एका धाग्याने एवढा फरक पडतो, तर गुडघ्यातल्या धातूचं काय ते बघा.

जंतू एकदा धातूला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, पाण्याच्या टाकीला आतून चढतो तसा. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातले बरेच जंतू वाढायचे थांबून निपचित पडून राहतात, आणि बहुतेक अँटिबायोटिक्स मारतात ती वाढणाऱ्या जंतूंना. म्हणून गोळ्यांनी ताप उतरतो, लाली ओसरते, सगळ्यांना वाटतं बरं झालं. कोर्स संपला की काही आठवड्यांत तेच पुन्हा. थर मात्र तसाच असतो.

आता ऑपरेशनच्या आधीचं. बाबा, तुमची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.५ ते ८ च्या आत हवी. वर असेल तर थांबलेलं बरं, सांधा कुठे पळून जात नाही. तंबाखू आणि सिगरेट किमान ४ आठवडे आधी बंद, कारण जखमेच्या कडांना रक्त कमी मिळालं की त्या सांधत नाहीत. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर ३ महिने जाऊ द्यायचे. हे सर्जनना आपण होऊन सांगा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं त्यांना कळत नाही.

पायाची बोटं उलगडून बघा. बोटांच्या बेचक्यात चीर, बुरशी, नखाच्या कडेला पू, पोटरीवर खाजवून झालेली जखम, यांतलं काही असेल तर आधी ते बरं करायचं. हलणारा किंवा किडलेला दात असेल तर तोही. लघवीला जळजळ, ताप असेल तर उपचार हवाच. पण काहीच त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून कोर्स घेण्याची गरज बहुधा नसते. त्याने गुडघ्याचा संसर्ग टळत नाही, फक्त जंतू औषधाला सरावतात.

गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. काढायचेच झाले तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा या संसर्गातला मुख्य जंतू पुष्कळांच्या नाकात राहतो, म्हणून काही ठिकाणी नाकाची तपासणी करून ५ दिवस नाकात मुपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंघोळ सांगतात. सांगितलं असेल तर पाचही दिवस करा, तीन दिवसांत थांबवू नका.

तुम्ही नेहमी ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणता. ते एवढ्यावर सोडू नका, नेमकं काय झालं होतं ते सांगा. मळमळ झाली असेल तर ती ऍलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, श्वास कोंडला असेल तर गोष्ट वेगळी. मोघम ‘ऍलर्जी’ लिहिलं गेलं की ऑपरेशनआधी द्यायचं सेफाझोलिनसारखं पहिल्या पसंतीचं अँटिबायोटिक सोडून दुसरं दिलं जातं, आणि त्यात संसर्ग वाढलेला दिसतो. सेफाझोलिन शिरेतून द्यायचं ते चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत, साधारण २ ग्रॅम, वजन १२० किलोच्या वर असेल तर ३. मांडीला रक्त अडवणारा दाबपट्टा बांधणार असतील तर औषध त्याआधी आत गेलेलं हवं, नाहीतर पायापर्यंत पोचतच नाही.

घरी आल्यावर जखम कोरडी ठेवणं हेच खरं काम. ड्रेसिंग उघडून रोज बघायचा मोह टाळा. टाके किंवा स्टेपल १० ते १४ दिवसांनी निघतात. जखम पूर्ण मिटेपर्यंत टबात, तलावात उतरणं नाही, पावडर नाही, कसलाही घरगुती लेप नाही. पहिले दोन-तीन दिवस ड्रेसिंगवर थोडा डाग पडतो, त्यात काही नाही. पण पाचव्या-सातव्या दिवशीही जखम पाझरत असेल तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. पाझरणारी जखम म्हणजे आत जायला उघडी वाट.

नवा गुडघा काही महिने गरम लागतो, सुजतो, दुखतो. त्यामुळे नुसतं दुखणं ही खूण नव्हे. खूण आहे ती दिशा बदलण्याची. आठवड्या-आठवड्याने कमी होत गेलेला ठणका पुन्हा वाढू लागला, झोपेतही दुखू लागलं, वाकणारा गुडघा वाकेनासा झाला, तर बघायला हवं. कातडीला बारीक तोंड पडून त्यातून पू येत असेल तर संसर्ग आहेच, त्यात शंका उरत नाही. तापाची वाट पाहू नका. कातडीवरचे मंद जंतू, विशेषतः स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, महिनोन् महिने ताप न आणता राहतात.

अशा वेळी एकच गोष्ट अगदी पाळा: घरात उरलेली किंवा दुकानातून आणलेली अँटिबायोटिक गोळी घ्यायची नाही. आधी सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, मग सांध्यातलं पाणी सुईने काढून पेशींची मोजणी आणि कल्चर, म्हणजे जंतू उगवून ओळखणं. गोळी पोटात गेली की कल्चरमध्ये जंतू अनेकदा उगवत नाही, मग कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही, आणि पुष्कळदा २ आठवडे औषध बंद ठेवून पुन्हा पाणी काढावं लागतं. हुडहुडी भरून ताप, धाप, ग्लानी असेल तर मात्र थेट हॉस्पिटल. तिथे रक्त कल्चरला घेऊन लगेच औषध सुरू करतात.

घाई यासाठी, की ऑपरेशननंतर पहिल्या ३-४ आठवड्यांत, किंवा पुढे कधी अचानक त्रास सुरू झाला तर ३ आठवड्यांच्या आत, सांधा उघडून धुऊन, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलून धातू वाचवता येतो. थर जुना झाला की बहुधा सगळा सांधा काढावा लागतो, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, साधारण ६ आठवडे औषध देतात आणि मग नवा सांधा. स्टॅफिलोकोकसच्या थरावर रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक चांगलं चालतं, पण कधीच एकटं नाही, नाहीतर जंतू पटकन सरावतो. त्याने लघवी केशरी होते आणि रक्त पातळ करणाऱ्या व साखरेच्या काही गोळ्यांचा परिणाम घटतो.

संसर्ग दहा वर्षांनीही होऊ शकतो, रक्तातून. पायाची जखम, गळू, दाताच्या मुळाचा पू, यांकडे आयुष्यभर लक्ष ठेवा. दात काढण्याआधी सरसकट अँटिबायोटिक घ्यायचा सल्ला मात्र आता दिला जात नाही. रोज दात स्वच्छ ठेवणं जास्त कामाचं.

आई, तुझं हाड पूर्ण जुळलेलं आहे. त्यामुळे पुढे रॉडला संसर्ग झालाच तर तो काढून टाकता येतो. हाड जुळलेलं नसताना असं सहसा करत नाहीत, कारण हलणारं हाड संसर्ग आणखी वाढवतं. मांडीत नव्याने ठणका लागला, तर ‘जुनंच दुखणं’ म्हणून सोडू नकोस.

बाबा, डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर लावलेलं पान मागून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. पुढे कधी सांधा उघडावा लागला तर पहिली विचारणा त्याचीच होते. त्याच्या फोटोबरोबर ऑपरेशनच्या आधीच्या सीआरपीचा रिपोर्टही मला पाठवा.

तुमची लेक