आमच्या कासवाला उन्हात बसवणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमचे भाडेकरू खोली सोडून गेले, तेव्हा न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या टबात एक कासव मागे राहिले होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टा, डोळे सुजून मिटलेले आणि ढाल इतकी मऊ, की अंगठ्याने दाबली तर दबत असे. टबात चार बोटे हिरवट पाणी होते. चढून अंग सुकवायला एक दगडही नव्हता. शेजारी सुक्या जवळ्याची अर्धी पिशवी पडली होती आणि तेवढेच त्याचे अन्न असावे.

शेजाऱ्यांनी ते देवळाच्या तळीत सोडण्याचा सल्ला दिला. माझ्या मुलीला ते मोरजीच्या समुद्रात न्यायचे होते, कारण कासवे तिथे अंडी घालायला येतात हे तिने शाळेत ऐकले होते. कुठे सोडावे, एवढेच विचारायला मी फोंड्यात आपल्या दवाखान्यात आले. मोरजीला येणारी ती सागरी कासवे, आणि हे मात्र अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले गोड्या पाण्याचे, हे आपण मुलीला जवळ बसवून समजावलेत. तळीत ते तगलेच तर आपल्याकडच्या कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावील, म्हणून तिथेही सोडायचे नाही, हे आपण ठामपणे सांगितलेत. नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे जगते, हेही लपवले नाहीत. ते ऐकून मी घाबरले होते, पण त्याच दिवशी ते आमचे झाले.

डोळ्यांची सूज अ जीवनसत्त्वाच्या अभावाची आहे हे ओळखूनही आपण इंजेक्शनची घाई केली नाहीत, कारण त्याची मात्रा जास्त झाली तर कातडी सोलवटते. त्याऐवजी गाजर आणि लाल भोपळा किसून घालायला सांगितलेत. तांबडी भाजी मात्र रोज देऊ नये, तिच्यातले ऑक्झलेट नावाचे द्रव्य कॅल्शियम अडवते, हे मला आपल्याकडूनच प्रथम कळले. ढालीच्या कुजलेल्या जागी पातळ केलेले आयोडीन लावून त्याला काही तास कोरड्यात ठेवायचे, पण खायला मात्र पाण्यातच सोडायचे, कारण या जातीला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. हे आपण स्वतः करून दाखवलेत. मी त्याला काचेच्या खिडकीपाशी ठेवून ऊन मिळते असे समजत होते. हाडे आणि ढाल घट्ट करणारे किरण काच अडवते, हे आपण सांगितल्यावर मी सकाळचे ऊन अंगणात द्यायला लागले, अर्धी सावली राखून. आणि पावसाच्या दिवसांसाठी तेच किरण देणारी यूव्हीबी ट्यूब आणली. कॅल्शियमसाठी आपण सुचवलेले समुद्रफेन, म्हणजे म्हाकुलाचे पांढरे हाड, मुलीने मिरामारच्या वाळूतून वेचून आणले आणि आम्ही ते उकळून, वाळवून पाण्यात टाकले. त्यावर त्याच्या तोंडाचे ओरखडे दिसले, त्या दिवशी आम्हा दोघींना फार आनंद झाला.

तपासणीची फी आपण घेतलीत, ती योग्यच होती. परंतु भर पावसात रात्री नऊ वाजता मी फोन केला असता, कासव खात नाही एवढ्याच तक्रारीवर, आपण पाण्याचे तापमान विचारून हीटर पंचवीस अंशांवर ठेवायला लावलात, त्याची फी कोणत्याही पावतीवर नाही.

आज त्याचे दोन्ही डोळे उघडे आहेत. ढाल टणक झाली आहे, मागची कड मात्र वाकडीच राहिली; ती सरळ होणार नाही याची कल्पना आपण आधीच दिली होती. ट्यूब दिसायला उजळ असली तरी किरण कमी होतात, म्हणून ती बदलण्याची तारीख मुलीने दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. गणेशाची चवथ झाली, की आम्ही त्याला वजनासाठी आपल्याकडे घेऊन येऊ.

आपली मनःपूर्वक ऋणी,
फोंडा येथील एक आई