समांतर रेषा समजावून देणाऱ्या ताईला, मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण ते फारच घाईत झालं, म्हणून आता नीट लिहितोय आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण छेदिका, संगत कोन, व्युत्क्रम कोन ही नावं धडाधड पाठ असलेले पण त्यांचं करायचं काय हे न कळलेले माझ्यासारखे बरेच असणार.

व्याख्या तर सगळ्यांना येते, एकाच प्रतलातल्या आणि कितीही वाढवल्या तरी एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा. तू त्यावर लगेच विचारलंस, बरं, कितीही म्हणजे किती, आणि तपासणार कोण? मग एक छेदिका, म्हणजे दोन्ही रेषांना छेदणारी तिसरी रेषा, काढायला लावलीस, तिच्यावर 10 सेंमी अंतराने दोन बिंदू, आणि तिथून एकाच बाजूला दोन रेषा, एकीचा आतला कोन 90 अंश, दुसरीचा 89. वहीत बघितलं तर मस्त समांतर वाटतात, निदान मला तरी वाटल्या. तू कॅल्क्युलेटर काढलास आणि दाखवलंस की ह्या दोघी साधारण 5.7 मीटरवर जाऊन भेटतात, आणि फरक एका अंशाऐवजी 0.1 अंशाचा केला तर 57 मीटरवर. म्हणजे डोळ्यांवर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. रेषा भेटतात की नाही ते तिकडे लांब कुठेतरी ठरणार, पण कोन इथे हाताशी आहेत, मोजता येतात, आणि इथल्या कोनांवरून तिथलं सांगता येतं. हे एकदा डोक्यात बसलं ना, मग तो अख्खा धडा कशासाठी लिहिलाय ते कळलं.

छेदिका दोन रेषांना छेदते तिथे होणाऱ्या आठ कोनांचं तू दोन मिनिटांत उरकलंस ते बरं केलंस. रेषा समांतर असतील तर त्या आठांत फक्त दोनच मापं असतात, एक 65 असेल तर दुसरं 115, संपलं. (छेदिका काटकोनात असली तर सगळेच 90.)

पण खरा वेळ तू दिलास तो 'जर' आणि 'तर' ला. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन (दोन रेषांच्या मधले, एक एका रेषेपाशी आणि दुसरा दुसरीपाशी, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना) सारखे, हे एक. व्युत्क्रम कोन सारखे असतील तर रेषा समांतर, हे दुसरं. मी म्हटलं काय फरक आहे, एकच तर आहे, आणि तू थेट ग्रीक गणितज्ञ युक्लिडपर्यंत गेलीस, म्हणजे इसवी सनापूर्वी 300 च्या आसपास. त्याच्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या पहिल्या भागात कोन सारखे तर रेषा समांतर हे 27 वं विधान आहे आणि त्याला ते प्रसिद्ध पाचवं गृहीतक लागतच नाही. उलट बाजू येते 29 व्या विधानात, आणि तिथे त्याला ते गृहीतक पहिल्यांदा वापरावं लागतं: एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल तर रेषा त्या बाजूला भेटणारच. म्हणजे दिसायला जुळी असलेली ही दोन विधानं, पण एक फुकटात मिळतं आणि दुसऱ्यासाठी काहीतरी मानून घ्यावं लागतं! ते गृहीतक बाकीच्यांवरून सिद्ध करायला लोक दोन हजार वर्षं झटले आणि शेवटी 1829 मध्ये लोबाचेव्हस्की आणि 1832 मध्ये बोल्याई यांनी ते न मानताच वेगळी भूमिती छापली, जिथे एका बिंदूतून एकाच रेषेला अनेक समांतर रेषा निघतात. हे ऐकून मला झोप आली नाही हे खरंय, उगाच भाव खात नाहीये.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 का, ते तर तू एका रेघेत दाखवलंस. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची, पायाजवळचे दोन्ही कोन व्युत्क्रम म्हणून वर येऊन बसतात, मधला तिथे आहेच, तिघं मिळून सरळ कोन. इतकी वर्षं कोनमापकाने मोजून 179, 181 असं काहीतरी यायचं आणि आपण गुपचूप 180 लिहायचो, त्यापेक्षा हे किती स्वच्छ आहे.

आणि एराटोस्थेनिस ह्या प्राचीन ग्रीक विद्वानाचं उदाहरण. सूर्य इतका लांब की त्याचे किरण समांतर धरायचे, इजिप्तमधल्या सायीनला भर दुपारी सूर्य डोक्यावर, त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीवरून कोन निघाला वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे 7.2 अंश. उभी काठी मनात खाली पृथ्वीच्या केंद्रापर्यंत वाढवली की तीच छेदिका, म्हणून केंद्रापाशी पण तेवढाच कोन, म्हणून दोन गावांतल्या अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा परीघ. आम्ही परीक्षेत ह्याच व्युत्क्रम कोनांवर 'x ची किंमत काढा' करतो आणि ह्या माणसाने पृथ्वी मोजली.

अजून एका गोष्टीसाठी थँक्यू, तू एकदाही 'अरे हे तर सोप्पं आहे' म्हणाली नाहीस. ते वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न घशातच राहतो.

आता एक अडलंय, वेळ मिळेल तेव्हा सांग. तीन समांतर रेषांना दोन छेदिका कशाही तिरक्या छेदल्या तरी तुकड्यांचं गुणोत्तर सारखंच येतं. ते समरूप त्रिकोणांवरून येतं एवढं जमलं, पण तिथे कोन सारखे हे 27 व्या विधानाच्या बाजूने वापरतोय की 29 व्या? मला 29 वाटतंय. बरोबर असेल तर नुसता अंगठा पाठव.

तुझा,
बराच त्रास देणारा विद्यार्थी