नाटकाच्या जाहिरातीत कालावधी आणि आसनांची माहितीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या नाट्यगृहातल्या प्रयोगाची जाहिरात वृत्तपत्रात येते, तेव्हा तीत नाटकाचे नाव, कलावंत, तारीख आणि वेळ एवढेच असते. महानगरापासून दूर असलेल्या अशा नाट्यगृहात हजार-दीड हजार प्रेक्षक बसतात आणि त्यांतले कितीतरी जण आसपासच्या गावांतून तास-दोन तासांचा प्रवास करून आलेले असतात. प्रयोग किती वाजता सुटणार, मध्यंतर आहे का, उशीर झाला तर आत सोडणार का, कोणत्या खुर्चीवरून रंगमंच अर्धवट दिसतो, या त्यांच्या खऱ्या अडचणी. जाहिरातीत त्यांबद्दल अवाक्षर नसते. ही माहिती छापली जावी, एवढ्यासाठी हे पत्र. ती छापली जाईपर्यंत प्रेक्षकांनी ती स्वतः मिळवावी, कारण संध्याकाळ फसते ती बहुधा तिकीट काढतानाच.

सर्वांत आधी पाहावा तो रंगमंचाचा प्रकार. कमानीच्या, म्हणजे पडदा असलेल्या रंगमंचावर सगळे नाटक एकाच दिशेने तोंड करून चालते. तिथे कडेच्या खुर्च्यांवरून जवळच्या बाजूचा कोपरा झाकला जातो. नेपथ्यात त्याच कोपऱ्यात दार किंवा जिना असेल, तर अख्खा प्रवेश नुसता ऐकावा लागतो. रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला असेल आणि तीन बाजूंनी खुर्च्या असतील (इंग्लंडातल्या शेफिल्डचे 1971 मधले क्रूसिबल किंवा अमेरिकेत मिनियापोलिसला 1963 मध्ये सुरू झालेले गथ्री थिएटर ही याची नामांकित उदाहरणे), तर बाजूची जागा मुळीच कमी प्रतीची नसते, कारण दिग्दर्शक नटांना सतत फिरते ठेवतो. मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजसारखे चहूबाजूंनी प्रेक्षक असलेले नाट्यगृह असेल, तर ‘समोरची खुर्ची’ हा प्रश्नच उरत नाही. पण अशा ठिकाणी नट प्रेक्षकांच्याच वाटांनी आत-बाहेर करतात, म्हणून उशिरा येणाऱ्याला मध्येच सोडणे फार कठीण जाते.

आता अंतर. नटाच्या चेहऱ्यावरचे भाव साधारण 20 मीटरपर्यंत नीट वाचता येतात. त्यापलीकडे देहबोली दिसते, डोळे दिसत नाहीत. दोन रांगांतले अंतर सुमारे 90 सेंटिमीटर धरले, तर विसावी रांग पहिल्या रांगेपासून 17 मीटरवर येते, शिवाय पहिली रांग आणि रंगमंच यांतली मोकळी जागा वेगळीच. म्हणून संवादप्रधान नाटकाला विसाव्या रांगेच्या मागे जाऊ नये. नृत्याचे मात्र उलटे आहे. रंगमंच साधारण एक मीटर उंच असतो आणि बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून 110 ते 120 सेंटिमीटरवर. म्हणजे पहिल्या दोन-तीन रांगांतून रंगमंचाची फळी जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येते. मागच्या नर्तकांची पावले पुढच्या नर्तकांच्या आड जातात आणि समूहाने धरलेला आकार अजिबात कळत नाही. नृत्यासाठी पहिली बाल्कनी, मधला भाग.

बाल्कनीतही पहिल्या रांगेचा मोह आवरावा. तिथे कठड्यावर सुरक्षेची आडवी सळई असते. उंच माणूस तिच्यावरून पाहतो, मुलाच्या किंवा बुटक्या माणसाच्या नेमकी डोळ्यांसमोर येते आणि मग तो दोन तास मान वर-खाली करत बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेपासून उतार पुरेसा असतो. खालच्या मजल्यावर शेवटच्या रांगा बाल्कनीच्या छताखाली जातात. तिथला धोका आवाजाचा. छताखालची जागा आत जितकी खोल जाते, ते अंतर तिच्या पुढच्या उघड्या तोंडाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त असेल, तर वरून परावर्तित होऊन येणारा आवाज तिथपर्यंत पोहोचतच नाही. शब्द ऐकू येतात पण घुसमटलेले वाटतात. छताखालच्या पहिल्या दोन-तीन रांगा चालतील, भिंतीला टेकलेल्या नकोत. ध्वनिव्यवस्थेचे टेबल खालच्या मजल्यावर मागच्या मध्यभागी असेल, तर त्याच्या आसपासच्या जागा आवाजासाठी खात्रीच्या, कारण आवाज जुळवणारा माणूस तिथेच बसून कान देत असतो.

खुर्च्यांच्या क्रमांकाकडे फार कमी लोक लक्ष देतात. काही नाट्यगृहांत मधल्या वाटेच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक असतात. अशा ठिकाणी 11 आणि 12 शेजारी नसतात. दोन तिकिटे हौसेने एकत्र काढावीत आणि आजी वाटेच्या या बाजूला, नातू त्या बाजूला, असे होते. तिथे शेजारची जोडी म्हणजे 11 आणि 13. रांगांच्या अक्षरांचेही तसेच. वादकांसाठी पुढचा खड्डा उघडला की पहिल्या दोन-तीन रांगा काढून टाकतात आणि ‘डी’ हीच पहिली रांग होते. उलट कधी ‘ए’च्याही पुढे ‘एए’ ही रांग लावलेली असते. म्हणून अक्षर मोजत बसू नये. आसनांचा नकाशा त्या विशिष्ट प्रयोगाचा आहे का, हे बुकिंगवर विचारून घ्यावे.

दौऱ्यावरच्या नाटकाबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगावीशी वाटते. ‘दृश्य अंशतः अडलेले’ असा शिक्का ज्या खुर्च्यांवर असतो, तो नेहमीचे नेपथ्य गृहीत धरून मारलेला असतो. दौऱ्यावरचे नेपथ्य वेगळ्या मापाच्या रंगमंचासाठी बांधलेले असते. त्यामुळे एखादी चांगली म्हणून विकलेली खुर्ची अडते आणि शिक्का असलेली मोकळी होते. नेपथ्य उभे राहिले की बुकिंगच्या खिडकीवरच्यांना हे कळते. तेव्हाच ध्वनी आणि प्रकाशाच्या यंत्रांसाठी राखून ठेवलेल्या, पण प्रत्यक्षात न लागलेल्या जागाही विक्रीला सुटतात, आणि त्या पुष्कळदा मध्यभागीच्या असतात. ‘हाउसफुल’ पाटी पाहून मागे फिरण्याआधी प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधी फोन करून पाहावा. मुक्काम आठवडाभराचा असेल, तर पहिला प्रयोग टाळलेला बरा. नव्या वास्तूत आवाज बसायला एखादा प्रयोग जातो.

वेळेचा हिशेब घरातून निघताना नव्हे, तिकीट काढताना करायचा असतो. प्रयोग साडेसातचा, कालावधी मध्यंतरासह 2 तास 40 मिनिटे. पाच मिनिटे उशिरा सुरू झाला तर सव्वादहाला सुटणार. मोठ्या प्रेक्षागृहातून, त्यातही वरच्या मजल्यावरून, रस्त्यावर यायला 10 ते 15 मिनिटे. म्हणजे साडेदहाला बाहेर. शेवटची गाडी 10 वाजून 40 मिनिटांची असेल, तर दुपारचा प्रयोग घ्यावा. शेवटच्या प्रवेशात सारखे घड्याळ पाहून ना नाटक मिळते, ना गाडी. आपले वाहन असेल तर वाहनतळाचेही गणित करावे. 300 गाड्या, बाहेर पडायला एकच फाटक आणि प्रत्येक गाडीला 10 सेकंद धरले, तरी शेवटच्या गाडीला 50 मिनिटे लागतात. पैसे शक्यतो आधीच किंवा मध्यंतरात भरावेत आणि गाडी तोंड बाहेर करून लावावी.

नाट्यगृहात अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. जर्मनीतल्या बायरॉइटच्या प्रसिद्ध ऑपेरागृहात प्रेक्षकांना आत बोलावण्यासाठी वादक सज्जात येऊन 15, 10 आणि 5 मिनिटे आधी तुताऱ्यांची धून वाजवतात. तिथे रांगांच्या मध्ये वाटच नाही, सगळे दोन्ही कडांनी आत शिरतात आणि दारे मिटली की मिटली. जिथे उशिरा सोडतात तिथेही ते आपल्या सोयीने नव्हे, दिग्दर्शकाने ठरवून दिलेल्या क्षणीच. तो 15-20 मिनिटांनी येऊ शकतो. तिकीट फोनवर असेल तर त्याचे चित्र आधीच जतन करून ठेवावे, कारण दारापाशी हजार माणसे एकदम नेटवर आली की पान उघडत नाही.

मध्यंतराबद्दल कुणी बोलत नाही, पण बोललेच पाहिजे. समजा 500 महिला प्रेक्षक आहेत, त्यांतल्या एकतृतीयांश प्रसाधनगृहात जाणार आणि तिथे 10 कक्ष आहेत. प्रत्येकीला दीड मिनिट धरले तरी रांग संपायला 25 मिनिटे लागतात. मध्यंतर असते 15 ते 20 मिनिटांचे. वयस्क प्रेक्षक आणि मधुमेही याच भीतीपोटी दिवसभर पाणी पीत नाहीत. वरच्या मजल्यावरची प्रसाधनगृहे पुष्कळदा मोकळी असतात, ती आल्याबरोबर पाहून ठेवावीत. आणि रांगेच्या कडेची खुर्ची घ्यावी.

ऐकायला कमी येणाऱ्यांनी नाट्यगृहात कोणती यंत्रणा आहे, हे स्पष्ट विचारावे. इंडक्शन लूप (आवाज बिनतारी श्रवणयंत्रात पोहोचवणारे तारेचे वेटोळे) असेल तर श्रवणयंत्राचे बटण ‘टी’वर लावले की रंगमंचावरचा आवाज थेट त्यात येतो, पण लूप सगळ्याच खुर्च्यांपर्यंत पोहोचतो असे नाही. इन्फ्रारेड यंत्रणेला वेगळा रिसीव्हर घ्यावा लागतो. संवाद-पाटी, म्हणजे चालू संवाद अक्षरांत दाखवणारी पाटी, असलेल्या प्रयोगाला ती पाटी कोणत्या कडेला आहे ते विचारून मगच खुर्ची ठरवावी. अगदी पुढे बसल्यास पाटी आणि नट एका नजरेत मावत नाहीत. व्हीलचेअरच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या ऑनलाइन नकाशावर कित्येकदा दिसतच नाहीत. लखलखता प्रकाश, धूर किंवा गोळीचा आवाज आहे का, हे अपस्माराचा त्रास असलेल्यांना दारावरच्या पाटीवर वाचून कळणे म्हणजे फार उशिरा कळणे.

बसल्यावर सर्वांत जवळचे बाहेरचे दार पाहून ठेवावे. आपण ज्या दाराने आलो तेच जवळचे असेल असे नाही. इंग्लंडातल्या एक्सेटर या गावच्या थिएटर रॉयलला 5 सप्टेंबर 1887 रोजी प्रयोग चालू असताना आग लागली आणि 186 माणसे गेली. त्यांत वरच्या गॅलरीतले प्रेक्षक फार होते. शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये 30 डिसेंबर 1903 रोजी 600 हून अधिक बळी गेले. तिथली कित्येक दारे बंद होती, काहींच्या कड्या प्रेक्षकांना उघडता आल्या नाहीत. आजची बाहेर उघडणारी दारे आणि दाबताच सुटणाऱ्या आडव्या कड्या अशा दुर्घटनांनंतरच सर्रास झाल्या.

यातले बरेचसे नाट्यगृहाला आणि निर्मात्याला आधीपासून ठाऊक असते. तेव्हा आपल्या वृत्तपत्राने नाटकाच्या जाहिरातीखाली चार गोष्टी मागून घ्याव्यात: मध्यंतरासह एकूण कालावधी, उशिरा येणाऱ्यांना केव्हा सोडणार, प्रखर प्रकाश किंवा धूर आहे का, आणि जिना न चढता पोहोचता येणाऱ्या जागा किती. दोन ओळींत मावेल एवढाच हा मजकूर आहे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक