सुतळीवरचा हिशेब

नंदुरबार,
१४ डिसेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

डबा पोचला की त्याला बांधलेली सुतळी कापू नकोस. आईने गाठी सोडायला सोप्या बांधल्या होत्या, त्या मी सोडून परत बांधल्यात. का, ते पुढे लिहितो.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पेरू देशातल्या इंका लोकांना लिपी नव्हती, चाक नव्हतं, लोखंड नव्हतं. मग कसलं आलंय साम्राज्य?" मला तेव्हा काही सुचलं नाही. नुसतं 'हं' म्हणून फोन आईकडे दिला. पण ते डोक्यातून गेलं नाही. एकतीस वर्षं मिरचीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की लिहिता येत नव्हतं तर पोती मोजली कशी? आणि मोजली नाहीत तर एवढं राज्य चाललं कसं? तेव्हापासून तेच वाचत बसलोय.

चाकाचं आधी उरकतो. मेक्सिकोकडे चाकं लावलेली मातीची खेळणी सापडली आहेत, म्हणजे चाक कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. पण जुंपायला बैल नाही, घोडा नाही. इंकांकडे लामा नावाचा उंटाच्या जातीचा प्राणी होता, तो पाठीवर ओझं नेतो, गाडी ओढत नाही. त्यात अँडीज पर्वताचे उभे कडे. बैलगाडी करून करणार काय? त्यापेक्षा त्यांनी ३०,००० किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते बांधले, दऱ्यांवर गवताच्या दोरांचे पूल टाकले. त्यातला एक पूल आपुरिमाक नदीवर अजून आहे. गावकरी दरवर्षी नवा विणतात.

आता हिशेब. तो ते दोरीवर ठेवत. त्या दोरीला म्हणत किपू, म्हणजे त्यांच्या भाषेत गाठच. एक आडवी जाड दोरी, तिला खाली लोंबणाऱ्या बारीक रंगीत दोऱ्या, आणि त्यांवर गाठी. सगळ्यात खाली एकं, वर दहं, त्याच्यावर शतं. आपल्यासारखीच दशमान पद्धत. हे कोडं १९१२ साली लेलँड लॉक नावाच्या अमेरिकन माणसाने सोडवलं.

वाचून समाधान होईना, म्हणून पोत्याची सुतळी घेऊन बसलो. २५३ बांधायचे. वर दोन साध्या गाठी, मधे पाच, इथपर्यंत ठीक. खाली तीन मात्र साध्या गाठींनी बांधत नाहीत. तिथे एकच लांब गाठ, तीन वेढे देऊन ओढायची. मला आधी हा उगाच उपद्व्याप वाटला. मग कळलं, वेढ्यांची गाठ दिसली की आकडा तिथे संपला, खाली दुसरा सुरू. एकाच दोरीवर दोन रकमा आल्या तरी घोटाळा नाही. पुढे २०१ बांधायला गेलो तर दहंची जागा रिकामी सोडली, तेच शून्य. पण एकं अडलं. एक वेढ्याची गाठ म्हणजे साधीच गाठ झाली की! त्यावरही त्यांनी तोड काढली होती, एकासाठी इंग्रजी आठसारखी वेगळी गाठ. ती मला चौथ्या खेपेला जमली. आई म्हणाली, निवृत्त माणसाला सुतळी देऊ नये.

काही किपूंना वरच्या बाजूने निघणारी दोरी असते, तिच्यावर खालच्यांची बेरीज. म्हणजे रोजचा मेळ! मेळात चाळीस रुपये जमेनात म्हणून मी एकदा रात्री एकपर्यंत पेढीवर बसलो होतो, ते आईला विचार. हे काम करणारा तिकडचा दिवाणजी म्हणजे किपूकामायोक. पेरूतल्या लिमा शहराच्या दक्षिणेला इंकावासी इथे कोठारं खणली, तेव्हा किपू सापडले ते शेंगदाणे, मिरच्या आणि काळ्या घेवड्याबरोबर. मिरची मूळची तिकडचीच, हे मला माहीत होतं. पण आपल्या पथारीवर पसरतो त्याच मालाचा हिशेब त्या माणसाने गाठींत धरला होता, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

आणि हे तुझ्या सरांना सांग. १५३३ साली स्पॅनिश सैन्य हाउहा खोऱ्यात आलं. तिथल्या सरदारांनी त्यांना काय काय पुरवलं, धान्य, लामा, माणसं, सगळं गाठींवर मांडलं. जे लुटून नेलं तेही मांडलं. १५६१ मध्ये लिमाच्या न्यायालयात हे किपू पुढे करून त्यांनी मोबदला मागितला. लुटीचा सुद्धा जमाखर्च! आमच्या पेढीवर कुणाला हे सुचलं नसतं. पुढे १५८३ मध्ये लिमाच्या धर्मपरिषदेने किपू जाळायला सांगितले. आज हजारभर उरलेत, आणि त्यातल्या काहींवरच्या गाठी आकड्यांच्या नियमात बसत नाहीत. त्यात नावं असतील, हकिकती असतील, अजून कुणाला वाचता आलेल्या नाहीत. त्यामुळे 'लिपी नव्हती' हे वाक्य परीक्षेत जरा जपून लिही.

इंका तर कालचे, पंधराव्या शतकातले. त्याच पेरूमध्ये सुपे नदीच्या खोऱ्यात कारालचं नगर इ.स.पू. २६००च्या सुमारासचं आहे, म्हणजे आपल्या हडप्पाच्या बरोबरीचं. मडकी करत नव्हते, पण बोरूच्या जाळीदार पिशव्यांत दगड भरून मोठमोठे चौथरे रचले. खोऱ्यात कापूस पिकवायचा, त्याची जाळी किनाऱ्यावर जायची, तिकडून सुकी मासळी यायची. त्यावर पुन्हा कधीतरी.

डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत. सुतळीवर आकडा बांधलाय, आधी तो वाच, मग लाडू मोज. कमी भरले तर कुरियरला डबा द्यायला तुझा दादा गेला होता, एवढं सांगून ठेवतो. हाउहावाल्यांसारखी दुसरी दोरी बांधून पाठव.

तुझे,
बाबा