तीनशे हॉर्सपॉवरचा ट्रक मागे का पडतो

मिशिगन

ती. दादास,
सा. न. वि. वि.

३०० हॉर्सपॉवरचा ट्रक २६८च्या कारच्या मागे कसा राहतो, असं तू विचारलंस. २००६ची फोर्ड एफ-१५० पिकअप (इथे तिलाच ट्रक म्हणतात; ५.४ लिटर व्ही-८, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी) आणि २००७ची टोयोटा कॅमरी व्ही-६ घेऊन सांगतो.

चार दारांचा ट्रक अडीच टनांच्या आसपास भरतो, कॅमरी दीड टनाच्या जराशी वर. टनामागे ट्रकला १२० हॉर्सपॉवर, कारला १७०. त्यात ट्रकला चारच गिअर. ५००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) दुसऱ्यातून तिसरा पडला की इंजिन सव्वातीन हजारांवर येतं. कॅमरीला सहा गिअर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ६२०० वरून ती साडेचार हजारांच्या खाली जात नाही, म्हणजे ताकदीच्या पट्ट्यातच राहते. ताशी ९६ किमी गाठायला कारला सुमारे ६ सेकंद लागतात, ट्रकला ९च्या आसपास. पेट्रोलही तसंच: ट्रक लिटरला ६ किमी, कार साडेनऊ.

पण मागे ट्रेलर लावला की हिशेब उलटतो. ट्रकचा टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) ४९५ न्यूटन-मीटर, तोही ३७५० आरपीएमला. कॅमरीला ४५० किलोच्या वर ओढायची परवानगीच नाही. मात्र रिकाम्या ट्रकच्या मागच्या चाकांवर वजन नसतं, तुझ्या बोलेरो पिकअपसारखंच, आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे कडक. ओल्या वळणावर मागचा भाग सरकतो. बर्फाच्या दिवसांत मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर शंभरेक किलो वाळूची पोती बांधावीत. फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावू नये. वळताना पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो.

जुना घेताना खरी भीती या व्ही-८च्या स्पार्क प्लगची. प्लग दोन तुकड्यांचा. खालची नळी कार्बनने धरते आणि खोलताना इंजिनच्या हेडमध्येच तुटून राहते. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग फक्त अष्टमांश फेरा सैल करायचा, प्लगच्या खाचेत अर्धा चमचा कार्ब्युरेटर क्लीनर सोडायचा, किमान १५ मिनिटं थांबायचं, मग पुढे-मागे हलवत काढायचा. एअर गनने (हवेवर चालणाऱ्या पान्याने) ओढलास तर तुटलाच समज. नवे प्लग एकसंध घ्यावेत, ३४ न्यूटन-मीटरला कसावेत.

गरम इंजिन आयडलला डिझेलसारखं टकटकत असेल तर कॅम फेजर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारे भाग) गेलेत. बहुधा ऑइलचं प्रेशर कमी पडलेलं असतं. असा ट्रक स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून चासीवर, पाट्यांच्या हँगरपाशी, हातोडीने ठोकून बघावं. आवाज बसका आला तर लोखंड आतून खाल्लेलं आहे.

कॅमरीत एकच गोष्ट आवर्जून बघ: व्हीव्हीटी-आयच्या (टोयोटाची व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) ऑइल पाइपचा रबरी भाग. तो फुटला की ऑइल मिनिटांत संपतं. पूर्ण धातूचा पाइप बसवलेला असेल तरच पुढचं बोलावं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ