रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरचे दार सताड उघडे नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीए, वकील, पतसंस्था यांच्या लहान कार्यालयांत घरच्या संगणकावरून ऑफिसचा संगणक चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, आता सर्रास असते. ती करून देणारे अनेकजण राउटरमधून ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (रिमोट डेस्कटॉपची जोडणी ज्यातून आत येते ते दार) थेट ऑफिसच्या संगणकाकडे वळवतात आणि 'झाले काम' म्हणून निघून जातात. हे थांबलेच पाहिजे.

असे पोर्ट उघडे दिसले की पासवर्ड ओळखू पाहणारे प्रोग्राम त्यावर तुटून पडतात. खात्री करायची तर त्या संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतला सिक्युरिटी लॉग उघडा आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी पाहा. 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी फसलेले लॉगिन ओळीने सापडतात. पोर्टचा क्रमांक बदलूनही भागत नाही, स्कॅनर तोही शोधतात. नुसत्या बळकट पासवर्डवरही विसंबू नये. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या त्रुटीतून शिरायला पासवर्ड लागतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा केव्हाच निवृत्त झालेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती.

आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित, खासगी वाट), मग रिमोट डेस्कटॉप, हाच क्रम हवा. राउटरमध्ये वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन या व्हीपीएन प्रकारांची सोय असेल तर ती वापरावी. ब्रॉडबँडवाला स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) देत नसेल, तर टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा त्याशिवायही चालते. हे जमले की ३३८९चे फॉरवर्डिंग राउटरमधून काढून टाकायला विसरू नये. नेमके तेच राहून जाते.

ऑफिसच्या संगणकावर विंडोज प्रो लागते. होम आवृत्तीतून दुसरीकडे जोडता येते, तिच्यात बाहेरून शिरता येत नाही. खात्याला पासवर्ड हवाच. रोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही. 'जोडणी होत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा झोपी गेलेला संगणक असतो, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करावे. वीज जाऊन आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा, यासाठी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा किंवा तशा अर्थाचा पर्याय चालू करावा.

जोडणीच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस'खाली ड्राइव्हसमोरची खूण मात्र काढून ठेवावी. घरातली मुले ज्या संगणकावर गेम उतरवतात, त्याच्या डिस्कवरून ऑफिसच्या फाइलींत व्हायरस यायला तेवढी वाट पुरते.

आपला,
नेटवर्क जोडणीचे काम करणारा एक वाचक